महासाथ सरली, वसुली कधी सरणार?

२० मार्च २०२० रोजी रेल्वेने या देशातल्या म्हाताऱ्या माणसांची तिकिटावरची सवलत काढून घेतली. साठी गाठलेल्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या बाईला ५० टक्के सूट मिळत होती. ती बंद करताना कारण सांगितले गेले की करोना वृद्धांच्या जिवावर उठतो, त्यांनी विनाकारण घराबाहेर पडू नये, गर्दी टळावी, एवढ्यासाठी सवलत थांबवत आहोत. लोकांना ते पटले. प्रत्येक घराला आपापले म्हातारे माणूस जगवायचे होते. तक्रार कोण करणार? पुढे टाळेबंदी आली आणि उठली. लाटा आल्या आणि ओसरल्या. लशी निघाल्या, कोट्यवधी दंडांवर टोचल्या गेल्या. ३१ मार्च २०२२ रोजी केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे निर्बंध गुंडाळले. महाराष्ट्राने त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर आपले निर्बंध उठवले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. वृद्धांची सवलत मात्र परत आली नाही. रोग गेला, रोगाचे नाव सांगून सुरू केलेली वसुली मागे राहिली. जिवाच्या भीतीने गप्प बसलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा आणि भीती सरल्यावरही तो बाहेर काढायचा नाही, ही उघड फसवणूक आहे. तिला याहून सौम्य नाव द्यायला आम्ही तयार नाही.

हा प्रश्न एकट्या रेल्वेचा नाही आणि एकट्या वृद्धांचाही नाही. महासाथीच्या नावाखाली सामान्य माणसाच्या प्रवासावर आणि त्याच्या घरातल्या रोजच्या जिनसांवर जे निर्णय लादले गेले, त्यांचा हिशेब कधीतरी मांडायलाच हवा. तो मांडला की एक निर्लज्ज रीत उघडी पडते. संकटात सरकारने जे दिले, ते संकट ओसरताच तारीख पाहून परत घेतले. संकटात जे काढून घेतले, ते एक तर वर्षे उलटल्यावर रडतखडत परत केले, नाहीतर कायमचे गिळले. द्यायचे ते मुदतीने आणि घ्यायचे ते बेमुदत, असा हा कारभार आहे.

पुरावा हवा असेल तर घ्या. विमानाच्या भाड्यावर २५ मे २०२० पासून सरकारने मर्यादा घातली होती. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी ती उठली आणि विमान कंपन्या भाडे ठरवायला मोकळ्या झाल्या. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो स्वस्त धान्य मिळत होते; महासाथीत त्यावर आणखी ५ किलो मोफत मिळू लागले. डिसेंबर २०२२ अखेर ते जादा धान्य बंद झाले. नेहमीचे ५ किलो तेव्हापासून मोफत झाले हे खरे, आणि त्याचे श्रेय सरकारने जरूर घ्यावे. पण माणशी महिन्याचे १० किलो ५ किलोवर आले, हे त्या मोफत धान्याच्या एकाही फलकावर कुणी लिहिले नाही. म्हणजे संकट संपल्याचे सरकारला समजत नाही असे मुळीच नाही. द्यायचे थांबवण्याची वेळ आली की त्याला ते नेमके समजते. घ्यायचे थांबवण्याची वेळ आली की त्याचे कान बंद होतात.

आता वृद्धांच्या सवलतीचे पैसे मोजू. माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार २० मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२५ या काळात ३१ कोटींहून अधिक ज्येष्ठ प्रवाशांनी सवलतीविना प्रवास केला आणि त्यातून रेल्वेच्या तिजोरीत ८,९१३ कोटी रुपये जादा पडले. हा पैसा कुणा उद्योगपतीच्या नफ्यातून आलेला नाही. तो गिरणीत आयुष्य घालवलेल्या कामगाराचा आहे, त्याच्या विधवेचा आहे, शेतमजूर बाईचा आहे. कामगारांच्या ईपीएस-९५ योजनेखाली किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकून पडले आहे आणि त्यात वाढ व्हावी म्हणून विदर्भापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसे रस्त्यावर बसली आहेत. महिन्याला हजार रुपये मिळणाऱ्या माणसाकडून रेल्वेने पाच वर्षे पूर्ण भाडे वसूल केले. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला येणारा शेतकरी, आषाढीला पंढरीची वाट धरणारे म्हातारे जोडपे, यांच्या प्रवासाला विनाकारण प्रवास म्हणण्याचा अधिकार रेल्वे मंडळाला कोणी दिला?

रेल्वेमंत्र्यांचे उत्तर ठरलेले आहे. प्रश्न कोणत्याही पक्षाच्या खासदाराने विचारला तरी तेच वाचून दाखवले जाते. सरकारने २०२२-२३ मध्ये प्रवाशांच्या तिकिटांवर ५६,९९३ कोटी रुपयांचा भार सोसला, प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत आधीच मिळते, १०० रुपयांच्या सेवेला ५४ रुपयेच घेतले जातात, मग आणखी काय हवे? हे उत्तर प्रश्नाला बगल देते. प्रवासी भाडे खर्चापेक्षा कमी ठेवण्याचे धोरण महासाथीच्या आधीही होते आणि वृद्धांची सवलत तेव्हा त्याशिवाय मिळत होती. जे पूर्वीपासून सर्वांनाच मिळते आहे, ते दाखवून म्हाताऱ्यांचे हिरावलेले कसे झाकणार? शिवाय ही तूट मालवाहतुकीच्या कमाईतून भरली जाते. कोळसा, सिमेंट, धान्य, खत यांच्या भाड्यातून ती कमाई येते आणि शेवटी वीजबिलात, घराच्या किमतीत, किराण्याच्या यादीत तीही आपणच मोजतो. सरकार घरून काही आणून देत नाही.

पैसा नाही, ही सबबही टिकत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी २ लाख ५२ हजार कोटी रुपये ठेवले गेले. वृद्धांकडून पाच वर्षांत जादा घेतलेल्या रकमेची वर्षाची सरासरी १,८०० कोटींच्या आसपास येते. म्हणजे शंभर रुपये खर्च करणाऱ्या घरात आजीच्या औषधाचा रुपयाही निघत नाही, असे सांगण्यापैकीच हे आहे. श्रीमंत वृद्धांना सवलत कशाला, असेही विचारले जाते. त्याची सोय महासाथीच्या आधीच होती. ज्याला नको असेल त्याने सवलत स्वेच्छेने सोडावी, असा पर्याय तिकीट काढतानाच दिलेला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने आणखी सोपा मार्ग सांगितला: निदान शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत तरी ही सवलत पुन्हा द्या. समितीच्या अध्यक्षपदी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. तरीही शिफारस बासनात गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची याचिका धोरणाचा विषय म्हणून फेटाळली. याचा अर्थ एवढाच की हा निर्णय पूर्णपणे सरकारच्या हातात आहे. मग आज वृद्धांना सवलत मिळत नाही, ती कुठल्या अडचणीमुळे मिळत नाही असे कुणी म्हणू नये. ती सरकारला द्यायची नाही म्हणून मिळत नाही.

वृद्धांबरोबर आणखी कितीजण गेले, याची तर कुणाला आठवणही उरलेली नाही. रेल्वेत सवलतीचे ५३ प्रकार होते. महासाथीत दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या काही सवलती तेवढ्या राहिल्या. खेळाडू, कलावंत, पत्रकार, मुलाखतीला जाणारे बेरोजगार तरुण, सगळ्यांना एका आदेशाने गाडीतून खाली उतरवण्यात आले.

गरिबाच्या गाडीचे काय झाले, तेही पाहा. पॅसेंजर गाडीचे किमान भाडे १० रुपये होते. टाळेबंदीनंतर गाड्या सुरू झाल्या त्या क्रमांकाआधी शून्य लावून, विशेष गाड्या म्हणून. डबे तेच, रूळ तेच, वेग तोच, दर स्थानकाला थांबणे तेच. किमान भाडे मात्र ३० रुपये. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेल्वेने याचे समर्थन केले ते असे, की लोकांनी टाळता येण्याजोगा प्रवास करू नये म्हणून जवळच्या अंतराचे भाडे वाढवले आहे. दूध विकायला तालुक्याला जाणारा माणूस, भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडणारी बाई, रोजंदारीवर निघालेला गवंडी, यांचा कोणता प्रवास टाळण्याजोगा होता? त्यांनी तो टाळला असता तर त्या दिवशी घरी चूल पेटली नसती. ज्याच्याकडे मोटार होती त्याला रेल्वेने काही सांगितले नाही. ज्याला गाडीवाचून गत्यंतर नव्हते त्याच्याकडून तिप्पट पैसे घेतले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे नेहमीचे क्रमांक आणि भाडे परत आले. पॅसेंजरचे भाडे पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ चा शेवट उजाडला, तेव्हा लोकसभेची निवडणूक दारात आली होती. मधल्या काळात वसूल केलेल्या जादा पैशांविषयी खेदाचा एक शब्दही निघाला नाही.

भाडे कमी झाले, गाड्या मात्र सगळ्या परत आल्या नाहीत. महासाथीच्या काळात रिकामे रूळ पाहून रेल्वेने वेळापत्रक नव्याने आखले आणि चढणारे-उतरणारे कमी आहेत म्हणून लहान लहान स्थानकांवरचे थांबे काढून टाकले. जिथे दिवसाला पन्नास माणसे चढतात, तिथल्या पन्नास माणसांना दुसरे वाहन नसते, हे मुख्यालयात बसून आकडे पाहणाऱ्याला दिसत नाही. कोकणाला विचारा. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर हा चाकरमान्यांचा हक्काचा आधार होता. महासाथीनंतर ती दिवा स्थानकावरच थांबू लागली, तिथूनच सुटू लागली. रेल्वे वेळापत्रकाची आणि वक्तशीरपणाची अडचण सांगते. पण रात्रभर बसून आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी पोती, पिशव्या आणि नातवंडे सांभाळत दिव्याला उतरायचे, जिना चढायचा आणि खच्चून भरलेल्या लोकलमध्ये शिरायचे, ही अडचण कुणाच्या हिशेबात धरली? कोकण रेल्वेसाठी कोकणाने आपल्या जमिनी दिल्या, डोंगर फोडू दिले. त्या लोकांची गाडी महासाथीत तोडायची आणि प्रवासी संघटनांनी निवेदनांवर निवेदने दिली तरी हलायचे नाही, ही कोणती कृतज्ञता?

स्वस्त प्रवास हा गरिबाला मिळणारा दानधर्म नाही. तो नाहीसा होतो तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. गावाकडे जाणारी गाडी भुसावळला मिळेल, या आशेने ते निघाले होते. त्या रक्ताची शपथ घेऊन रेल्वेने ठरवायला हवे होते की यापुढे गरिबाची गाडी सगळ्यांत आधी सुटेल. प्रत्यक्षात ती सगळ्यांत शेवटी सुटली, आणि काही ठिकाणी सुटलीच नाही.

दिल्लीला झोडपताना मुंबईला सोडण्याचे कारण नाही. एसटीची कहाणी तितकीच संतापजनक आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी या राज्याची रक्तवाहिनी आहे. महासाथीत सगळे थबकले तेव्हा एसटीचे चालक-वाहक कामावर होते. परप्रांतीय मजुरांना त्यांनी राज्याच्या सीमेवर पोहोचवले, राजस्थानातल्या कोटा शहरात अडकलेली आपली मुले आणली, मुंबईत परिचारिकांना आणि सफाई कामगारांना रुग्णालयांत नेऊन सोडले. वारी थांबली तेव्हा संतांच्या पादुका पंढरपूरला नेल्या त्याही एसटीनेच. त्या कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, ते ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून संपावर गेले आणि उच्च न्यायालयाने मुदत घालून देईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२२ पर्यंत, तो संप चिघळू देण्यात आला. महासाथीआधी १८ हजारांहून अधिक गाड्यांचा असलेला ताफा पुढे १५ हजारांच्या घरात उतरला. भाडे मात्र चढत राहिले: ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के.

या सुमारे तीन हजार गाड्या कुठून कमी झाल्या? मुंबई-पुणे मार्गावरून नक्कीच नाही. त्या कमी झाल्या आडगावच्या फेऱ्यांमधून. रात्री गावात मुक्कामी येणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी गाडी गेली. शाळा सुटायच्या वेळेची फेरी गेली. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. पण गावात गाडीच येत नसेल तर तो पास घेऊन मुलीने काय करायचे? वडापच्या जीपमध्ये, काळीपिवळीच्या टपाशेजारी लोंबकळत पोरीला पाठवायला बाप धजत नाही. मग तिची शाळा सुटते, आणि शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात. महासाथीने वर्ग बंद केले होते, ते उघडले. त्या वर्गापर्यंतचा रस्ता शासनाच्या निष्काळजीपणाने बंद ठेवला. याची जबाबदारी गेल्या पाच-सहा वर्षांत मंत्रालयात बसून गेलेल्या प्रत्येक सरकारची आहे, मग त्याचा रंग कोणताही असो.

तरीही एका बाबतीत एसटीने रेल्वेला लाजवले आहे. दहा हजार कोटींहून अधिक संचित तोटा डोक्यावर असलेल्या या महामंडळात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या माणसाला मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. कर्जात बुडालेली लालपरी म्हाताऱ्याला जागा देते आणि लाखो कोटींचे प्रकल्प मिरवणारी भारतीय रेल्वे त्याच्याकडून पूर्ण भाडे मागते. द्यायची इच्छा असली की तोटाही आड येत नाही, हे एसटीने दाखवून दिले आहे.

प्रवासाचे हे, तर स्वयंपाकघराचे काय? २०१५ मध्ये सरकारने हाक दिली की ज्यांना परवडते त्यांनी गॅसचे अनुदान सोडावे. सुमारे एक कोटी कुटुंबांनी ते सोडले. इतकी दानत या देशात आहे. पण ज्यांनी सोडले नव्हते, त्यांचे अनुदान महासाथीत ताकास तूर न लागू देता काढून घेतले गेले. मे २०२० मध्ये जगात तेलाचे भाव कोसळले होते, दिल्लीत सिलिंडर ५८१ रुपये ५० पैशांना मिळत होता, म्हणून खात्यात अनुदान जमा झाले नाही. समजू शकतो. पुढे भाव चढत गेले, जुलै २०२२ मध्ये तोच सिलिंडर १,०५३ रुपयांवर गेला, तरी उज्ज्वला योजनेबाहेरच्या कोट्यवधी घरांच्या खात्यात अनुदानाचा रुपया आला नाही. संसदेत घोषणा नाही, जाहिरात नाही, लोकांना विचारणे नाही. जून २०२२ मध्ये पेट्रोलियम सचिवांनी सांगून टाकले की जून २०२० पासून घरगुती ग्राहकांना अनुदान दिलेलेच नाही. दोन वर्षे गृहिणी बँकेत पासबुक भरून घेत राहिल्या, मोबाइलवर संदेशाची वाट पाहत राहिल्या. आपले अनुदान गेले हे त्यांना शेवटी एका पत्रकार परिषदेतून कळायचे होते.

इंधनाचेही तेच. एप्रिल २०२० मध्ये खनिज तेल मातीमोल झाले. ग्राहकाला स्वस्त पेट्रोल मिळण्याची ती वेळ होती. केंद्राने मार्च आणि मे २०२० मध्ये मिळून पेट्रोलवर लिटरमागे १३ आणि डिझेलवर १६ रुपये उत्पादन शुल्क वाढवले. महाराष्ट्र सरकारने १ जून २०२० पासून आणखी २ रुपये लादले. केंद्राची इंधनावरच्या उत्पादन शुल्काची कमाई एका वर्षात १ लाख ७८ हजार कोटींवरून ३ लाख ७२ हजार कोटींवर गेली. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, दुकानांना कुलपे होती, रुग्णालयांत प्राणवायूसाठी धावाधाव होती, त्याच वर्षी हे घडले. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याहून वेगळे नसते. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने ते वाढीव शुल्क दोन हप्त्यांत मागे घेतले. तोवर ट्रकचे भाडे वाढले होते, टेम्पोचे वाढले होते, रिक्षाचे वाढले होते, भाजीच्या जुडीत ते मिसळले होते. चढलेले भाडे आपोआप उतरत नाही, आणि ते उतरवण्यासाठी कोणत्याही सरकारने बोटही उचलले नाही.

किराणा दुकानात तर लूट डोळ्यांसमोर होते आणि दिसत नाही. खाद्यतेल महासाथीत भडकले, कच्चा माल महागला, आणि कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन कापायला सुरुवात केली. बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा आजही पाच रुपयांचाच आहे. त्यातली बिस्किटे मोजा. साबणाची वडी हातात घेऊन पाहा. कच्चा माल स्वस्त झाला तेव्हा वजन परत आले का? पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल, पीठ, मीठ, साबण अशा जिनसा ठरवून दिलेल्या वजनांतच विकाव्या लागत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलला आणि ती अटच काढून टाकली. त्याबदली पुड्यावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापण्याची सक्ती आली. तिची अंमलबजावणी मात्र वारंवार पुढे ढकलली गेली. आता ती किंमत छापली जाते, भिंग लावून वाचावी लागेल अशा अक्षरांत. दहा तास राबून येणारी बाई दुकानात उभी राहून भागाकार करील, अशी कायदा करणाऱ्यांची समजूत आहे काय? अर्धा किलो म्हणून हात जातो आणि पिशवीत चारशे-साडेचारशे ग्रॅम येते, हा व्यवहार कायद्याने मोकळा करून दिला आहे. वजन-मापाची शिस्त हे राज्याचे मूळ कर्तव्य आहे. महासाथीच्या गडबडीत सरकारने तेही खाली ठेवले.

आता या सगळ्याच्या शेजारी एक कागद ठेवा. एप्रिल २०२० मध्ये खासदारांच्या वेतनात ३० टक्के कपात झाली. चांगले झाले. पण त्या कपातीला एका वर्षाची मुदत होती. ती कायद्यातच लिहिली होती आणि ती संपताच वेतन पूर्ववत झाले. खासदार निधी थांबवला होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये तो परत सुरू झाला. मार्च २०२५ मध्ये खासदारांचे वेतन महिना १ लाखावरून १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील प्रभावाने. माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार झाले. विद्यमान आणि माजी खासदारांना रेल्वेचा मोफत प्रवास आहे, त्याला महासाथ शिवलीही नाही. स्वतःच्या वेतनाच्या कपातीला मुदत घालायची बुद्धी ज्यांना झाली, त्यांना म्हातारीच्या तिकिटाला मुदत घालायची बुद्धी का झाली नाही? आम्ही हा प्रश्न सत्ताधाऱ्यांना विचारतो आणि विरोधकांनाही विचारतो. स्थगन प्रस्ताव, सभात्याग, घोषणा यांत कमी न पडणाऱ्या विरोधी बाकांनी या एका मागणीसाठी सभागृह किती दिवस रोखून धरले? पुरवणी प्रश्न विचारायचा, छापील उत्तर घ्यायचे आणि मोफत पासावर घरी परतायचे, एवढ्याने त्यांचे कर्तव्य संपत नाही.

संकटात पैसा लागतो, कठोर निर्णय घ्यावे लागतात, हे आम्हाला मान्य आहे. महाराष्ट्राइतके ते कोणाला ठाऊक असणार? साथरोगाचा १८९७ चा कायदा पुण्या-मुंबईच्या प्लेगात जन्मला आणि २०२० मध्ये तोच वापरला गेला. त्या कायद्याच्या आडून परक्या सरकारने पुण्यात घराघरांत घुसून जो जुलूम केला, तोही याच भूमीने सोसला आणि त्याविरुद्ध इथल्याच लेखण्या पेटून उठल्या. साथ आली की राज्यकर्त्याच्या हाती अमर्याद सत्ता येते, आणि ती सत्ता त्याला गोड लागते, हा धडा आपण सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलो होतो. आजचे सरकार आपले आहे, निवडून दिलेले आहे. म्हणून तर त्याचा गुन्हा मोठा आहे. परक्याने लुटले तर तो शत्रू ठरतो. आपल्याच मताने बसवलेल्याने लुटले तर तो विश्वासघातकी ठरतो. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. आम्हाला म्हातारीचेही दुःख आहे, आणि काळ किती सोकावला आहे तेही दिसते आहे. पुढची साथ, पुढचा पूर, पुढचे युद्ध येईल तेव्हा आणखी काय काय काढून घेतले जाईल, याची ही रंगीत तालीम होती.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्येष्ठांची रेल्वे सवलत स्थायी समितीच्या शिफारशीनुसार शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत तातडीने सुरू करा, आणि बाकीच्या बंद सवलतींचा एकेक करून संसदेत खुलासा करा. मार्च २०२० च्या आधी कोणत्या स्थानकावर कोणती गाडी थांबत होती आणि आज थांबत नाही, याची विभागवार यादी प्रसिद्ध करा. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत आणा. एसटीचा ताफा महासाथीआधीच्या संख्येवर न्या आणि नव्या गाड्यांतली पहिली गाडी मुक्कामी फेऱ्यांना आणि शाळेच्या वेळांना द्या. गॅसचे अनुदान कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, ते उघडपणे, संसदेत, कारणासह सांगा. रोजच्या जिनसांना ठरावीक वजनांची अट पुन्हा लावा आणि वजन कमी केले तर तसे पुड्याच्या दर्शनी भागावर ठळक छापायला लावा. आणि यापुढे आपत्तीच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक आदेशावर त्याच्या समाप्तीची तारीख छापणे कायद्याने सक्तीचे करा. ती तारीख उलटली की आदेश आपोआप रद्द व्हावा. तो चालू ठेवायचा असेल तर सरकारने लोकप्रतिनिधींसमोर उभे राहून नव्याने मंजुरी मागावी.

यातली एकही मागणी भीक नाही. हे सगळे लोकांचेच आहे. अडचणीच्या काळात त्यांनी ते देशाच्या हवाली केले होते, आणि अडचण संपल्यावर परत मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. टाळ्या वाजवा म्हटले, त्यांनी वाजवल्या. दिवे लावा म्हटले, लावले. घरात बसा म्हटले, उपाशी राहून बसले. एवढे आज्ञाधारक लोक जगात फार थोड्या सरकारांना लाभले असतील. त्या आज्ञाधारकपणाचा मोबदला तिप्पट भाडे, निम्मे धान्य, रिकामे पासबुक आणि हलका पुडा असा दिला जात असेल, तर लोकांनीही आज्ञा पाळण्याची सवय सोडली पाहिजे. दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, उंबऱ्याबाहेर थांबवून एकच प्रश्न विचारा: महासाथीत आमच्याकडून घेतलेले कधी परत देणार? तारीख सांगता आली तर आत या. नाही सांगता आली, तर आमचे मत गृहीत धरू नका!